मूल दुसऱ्याच्या घरी ठेवताना: इंग्लंडमधल्या प्रायव्हेट फॉस्टरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हा विषय बहुतेक वेळा अचानक निघतो. कंपनी नवऱ्याला पुण्याला परत बोलावते आणि मुलीची जीसीएसई (इथली दहावीसारखी) परीक्षा वर्षावर आलेली असते. कुणाची आई तिकडे अंथरुणाला खिळते आणि इथे मूल सांभाळायला कुणी नसतं. मग मंडळातली एखादी मैत्रीण म्हणते, “राहू दे गं आमच्याकडे, एकाला दोन.” मनापासून म्हणते. पण या वाक्याबरोबर एक कायदेशीर जबाबदारीही सुरू होते, आणि ती दोन्ही घरांना माहीत नसते. खालची उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. तिथे राहत असाल तर आपल्या काउन्सिललाच, म्हणजे स्थानिक प्रशासनालाच विचारा.

प्रायव्हेट फॉस्टरिंग म्हणजे नेमकं काय?

१६ वर्षांखालचं मूल (अपंगत्व असेल तर १८ वर्षांखालचं) आईवडील किंवा जवळचे नातेवाईक सोडून दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहत असेल, आणि ही सोय घरच्यांनीच आपसांत ठरवलेली असेल, तर ते प्रायव्हेट फॉस्टरिंग. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये ही व्याख्या आहे. पैसे घेतले की नाही, कागद केला की नाही, यावर काही अवलंबून नाही. काउन्सिल ज्यांना निवडून, प्रशिक्षण आणि भत्ता देऊन मुलं सोपवते ते फॉस्टर पालक निराळे. दोन्हीकडे ‘फॉस्टर’ हा शब्द आहे एवढंच साम्य.

जवळचे नातेवाईक कोण? मुलगा काकांकडेच तर राहणार आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण आपल्याकडे काका सगळेच असतात.

कायद्याच्या यादीत आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि सावत्र आई किंवा वडील येतात. काका म्हणजे वडिलांचे भाऊ आणि मावशी म्हणजे आईची बहीण. सख्खे असोत वा सावत्र, दोन्ही चालतात. लग्नाने जोडलेलेही चालतात, म्हणजे मामी, काकू, आत्याचे यजमान. यांच्याकडे मूल वर्षभर राहिलं तरी ते प्रायव्हेट फॉस्टरिंग होत नाही.

बाकीचे सगळे बाहेर. वडिलांचा चुलतभाऊ बाहेर, मग दोघे एकाच वाड्यात, एका ताटात वाढलेले का असेनात. आईची मावसबहीण बाहेर. आजीची सख्खी बहीणसुद्धा बाहेर, आणि हे ऐकून भलेभले चकित होतात. मुलाचा आतेभाऊ तिशीचा असेल, नोकरीला असेल, स्वतःचं घर असेल, तरी तोही बाहेर. आईचा जोडीदार, ज्याच्याशी तिने लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप केलेली नाही, तो सावत्र वडील ठरत नाही. आई सहा महिन्यांसाठी भारतात गेली आणि मूल त्याच्याजवळ राहिलं, तर तिथेही कळवावं लागतं.

काउन्सिलला फोन करताना “अंकल” म्हणून मोकळे होऊ नका. “मुलाच्या वडिलांच्या काकांचा मुलगा” असं फोड करून सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण पुढचे दोन गैरसमज वाचतात.

२८ दिवस कसे मोजतात?

सलग. पण मधे शनिवार-रविवार मूल आईकडे जाऊन आलं म्हणून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. महत्त्व हेतूला आहे: पहिल्याच दिवशी माहीत असेल की मुक्काम तीन महिन्यांचा आहे, तर २८ दिवस सरायची वाट बघायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणीकडे तीन आठवडे राहायला जाणं यात येत नाही.

आईवडील याच देशात, अगदी याच गावात असतील तरी हे लागू होतं का?

होतं. पंधरा वर्षांचा मुलगा घरी भांडून मित्राच्या घरी राहायला जातो, मित्राची आई प्रेमाने ठेवून घेते, आणि बघता बघता दीड महिना होतो. हे प्रायव्हेट फॉस्टरिंगच आहे. आपल्याकडे अशा गोष्टी शक्यतो झाकून ठेवतात, त्यामुळे त्या कळायला उशीर होतो.

कुणाला आणि कधी कळवायचं?

मूल जिथे राहणार त्या भागाच्या काउन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला. निदान सहा आठवडे आधी. बेत त्याहून उशिरा ठरला तर ठरल्या ठरल्या. मूल आधीच येऊन राहिलं असेल तर ताबडतोब. मूल प्रत्यक्ष राहायला आलं की ४८ तासांत, आणि परत गेलं की पुन्हा ४८ तासांत, कुठे गेलं त्यासह.

हे काम ठेवून घेणाऱ्यांचंही आहे आणि आईवडिलांचंही. “त्यांनी कळवलं असेल” असं दोन्ही घरांना वाटतं आणि कुणीच कळवत नाही, हा नेहमीचा अनुभव. मधे कुणी ओळखीच्यांनी सोय जुळवून दिली असेल, तर कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही येते. सबळ कारण नसताना न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. शाळेला किंवा जीपीला (फॅमिली डॉक्टरला) मूल परक्या घरी राहतंय असं लक्षात आलं, तर तेही काउन्सिलला सांगतात. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं केव्हाही बरं.

भारतात कधी कुणाला कळवावं लागलं नाही. इथे एवढं कशासाठी?

खरं आहे. गावात शाळा नाही म्हणून मामाकडे किंवा ओळखीच्या घरी ठेवलेली, वार लावून जेवून शिकलेली माणसं आपल्या घराण्यात दोन पिढ्यांमागे सापडतात. त्या सोयीला आजूबाजूच्या गल्लीचे डोळे होते. मूल वाळलं, गप्प झालं, तर चार लोकांच्या लक्षात यायचं. इंग्लंडमध्ये बंद दारामागे काय चाललंय हे शेजाऱ्याला वर्षभर कळत नाही.

इथला कायदा कडक झाला त्यामागे एक मुलगी आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी, मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची. चांगलं शिक्षण मिळेल या आशेने आईवडिलांनी तिला तिच्या वडिलांच्या आत्याच्या हवाली केलं. दोघी आधी फ्रान्सला आणि एप्रिल १९९९ मध्ये लंडनला आल्या. २५ फेब्रुवारी २००० रोजी, आठ वर्षांची असताना, छळाने तिचा मृत्यू झाला. अंगावर १२८ जखमा होत्या. त्या दहा महिन्यांत चार समाजसेवा विभाग, दोन रुग्णालयं आणि पोलीस यांचा तिच्याशी संबंध आला होता. हे मूल आईवडिलांपासून दूर आहे, याची जबाबदारी नेमकी कुणाकडे, हे कुणीच नीट विचारलं नाही. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला, २००४ चा चिल्ड्रन ॲक्ट त्यानंतरचा, आणि प्रायव्हेट फॉस्टरिंगचे आजचे नियम २००५ चे.

आजोबांची बहीण ‘जवळच्या’ यादीत का नाही, असं आता कुणी विचारलं की मी फक्त ही हकीकत सांगते.

त्याआधीही ही पद्धत इथे जुनी होती. १९५०-६० च्या दशकांत शिकायला आलेले नायजेरिया-घानाचे विद्यार्थी आपली तान्ही मुलं पैसे देऊन इंग्रज घरांत ठेवायचे, त्यासाठी ‘नर्सरी वर्ल्ड’ मासिकात जाहिराती द्यायचे. काही मुलं सुखात वाढली, काहींचे हाल झाले.

सोशल वर्कर घरी येऊन काय बघतात?

कळवल्यापासून कामाच्या सात दिवसांत पहिली भेट होते. पहिल्या वर्षी निदान दर सहा आठवड्यांनी, दुसऱ्या वर्षापासून निदान दर बारा आठवड्यांनी पुढच्या भेटी. घर, झोपायची जागा, घरात कोण कोण आहे, मूल शाळेत जातं का, जीपीकडे नाव नोंदवलंय का, आईवडिलांशी बोलणं होतं का, खर्च कोण देतं, हे सगळं विचारतात. घरातल्या मोठ्यांची, म्हणजे १६ वर्षांवरच्या सगळ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होते. तुमचा कॉलेजात जाणारा मुलगाही त्यात आला. त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे फणकारा निघायचा नाही. घर लहान आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. फरशी चकचकीत आहे का, हे बघायला ते येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं काम असतं मुलाशी एकट्याने बोलणं. आपल्या घरांत इथेच ठिणगी पडते. “आमच्यासमोर विचारा ना, आमच्यात काही लपवाछपवी नाही.” लपवाछपवीचा प्रश्नच नाही. परक्या घरी राहणारं मूल सगळ्यांसमोर तक्रार करत नाही, ते यजमानांना दुखवायला घाबरतं आणि आईवडिलांना काळजीत टाकायलाही. मुलाला इंग्रजी जड जात असेल तर दुभाषी देतात. तो तुमच्यातला किंवा ठेवून घेणाऱ्या घरातला नसावा, असाच संकेत आहे.

याचं एक उदाहरण मुंबईचंच आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी १८७१ मध्ये आपली दोन मुलं, सहा वर्षांचा व्हायला आलेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स, इंग्लंडमध्ये साउथसी इथल्या एका जोडप्याकडे पैसे देऊन ठेवली. जाहिरात बघून घर निवडलं होतं. हिंदुस्थानात नोकरी करणारे साहेब तेव्हा सर्रास असं करत. त्या घरात रुडयार्डचा सहा वर्षं छळ झाला. दर डिसेंबरमध्ये तो महिनाभर लंडनला सख्ख्या मावशीकडे सुखात राहायचा, आणि तिलाही त्याने अवाक्षर सांगितलं नाही. पुढे जगाला गोष्टी सांगणारा हा मुलगा स्वतःची गोष्ट मावशीला सांगू शकला नाही.

मग ही परवानगी समजायची का? काउन्सिल नाही म्हणू शकते का?

परवाना असा मिळत नाही. मूल कुणाकडे ठेवायचं हे आईवडीलच ठरवतात. ते घर योग्य आहे याची खात्री करून घेणं हे काउन्सिलचं काम. काही कमी आढळलं तर अटी घालता येतात, उदाहरणार्थ किती मुलं ठेवायची किंवा घरात कोणती सोय करायची. घर खरोखर अयोग्य असेल तर बंदी घालता येते. अशा निर्णयाविरुद्ध १४ दिवसांत न्यायालयात दाद मागता येते. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती, किंवा जिची स्वतःची मुलं न्यायालयाच्या हुकमाने काढून घेतली गेली आहेत अशी व्यक्ती, मुळातच अपात्र ठरते.

सोशल सर्व्हिसेसना घरात घेतलं की मूल काढून नेतात म्हणे?

नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं ताब्यात घेतल्याची बातमी घरोघर पोचली, आणि तेव्हापासून ही भीती पक्की बसली आहे. तो देश वेगळा, कायदा वेगळा, कारणंही वेगळी. इथे तुम्ही स्वतःहून फोन करून “आम्ही मैत्रिणीची मुलगी ठेवून घेतोय” सांगता, तेव्हा समोरच्याच्या कागदावर तुमची नोंद जबाबदार माणूस अशी होते. मूल ताब्यात घ्यायला मोठी हानी झाली आहे किंवा होण्याची शक्यता आहे, हे न्यायालयात दाखवावं लागतं. वेगळा पदार्थ खाणं किंवा हाताने जेवणं ही हानी नव्हे.

भेटी थोड्या कटकटीच्या असतात, हे मान्य. नवीन माणूस येतो, तेच प्रश्न पुन्हा विचारतो, मधेच त्याची बदली होते. चहा द्या आणि उत्तरं द्या.

खर्च कुणी करायचा?

आईवडिलांनी. काउन्सिलचा फॉस्टरिंग भत्ता इथे मिळत नाही. ठेवून घेणाऱ्या घराला काही परिस्थितीत चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मागता येतो, पण व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) असा शेरा असेल तर सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका.

आपल्यात पैशांचं बोलायला संकोच वाटतो. “घरच्या मुलासारखाच आहे, पैसे कसले घ्यायचे!” हे पहिल्या महिन्यात छान वाटतं. आठव्या महिन्यात, शाळेची सहल, दातांना तार आणि हिवाळ्याचं हीटिंगचं बिल एकदम येतं, तेव्हा तीच मैत्री ताणली जाते. रक्कम आणि तारीख आधीच लिहून ठेवा. कोट, बूट, सहली, फोन आणि वाढदिवसाचा खर्च कुणाचा, हेही त्यातच लिहा.

शाळेत, दवाखान्यात सही कुणाची चालते?

पालकत्वाचा कायदेशीर अधिकार, ज्याला इथे ‘पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणतात, तो आईवडिलांकडेच राहतो. तो दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. त्यातली कामं मात्र सोपवता येतात. म्हणून सहीचं पत्र करून द्या: रोजच्या औषधपाण्याला, लसीला, शाळेच्या सहलीला या व्यक्तीची संमती चालेल. पत्र नसलं तरी मुलाच्या भल्यासाठी जे वाजवी आहे ते सांभाळणाऱ्याला करता येतं, मध्यरात्री पडून हात मोडला तर कुणी अडवत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला मात्र आईवडिलांनाच विचारतील. पत्रात तुमचे भारतातले दोन फोन नंबर द्या आणि वेळेतला फरकही लिहा: उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच.

मुलाला देशाबाहेर न्यायचं असेल तर आईवडिलांची लेखी संमती हवीच. संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणं हा गुन्हा ठरू शकतो, मग बेत युरोपातल्या चार दिवसांच्या सहलीचा का असेना.

आम्ही परत गेलो तर मुलीच्या व्हिसाचं काय?

ही वेगळी आणि जास्त काटेकोर बाब आहे. काउन्सिलला कळवल्याने व्हिसा मिळत नाही आणि टिकतही नाही. मुलगी ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिला कायम राहण्याचा हक्क असेल तर प्रश्न नाही. ती तुमच्या वर्क व्हिसावर अवलंबित म्हणून आली असेल, तर तुम्ही गेल्यावर तिच्या राहण्याचा आधारच हलतो. तिकीट काढण्याआधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला भेटा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा “आमच्या ओळखीत चाललं होतं” हा सल्ला इथे घेऊ नका.

भारतातून चाइल्ड स्टुडंट व्हिसावर येणाऱ्या मुलाची राहण्याची सोय अर्जातच दाखवावी लागते. प्रायव्हेट फॉस्टर घरी राहणार असेल तर त्या घराने काउन्सिलकडे नोंद केलेली असावी लागते. व्हिजिटर व्हिसावर येऊन नातेवाईक नसलेल्यांकडे २८ दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांनाही हा नियम आहे.

मुलगा बोर्डिंग शाळेत आहे. फक्त सुट्टीत ओळखीच्यांकडे जातो.

शाळेच्या वसतिगृहात राहणं प्रायव्हेट फॉस्टरिंग नाही. आठवड्याभराच्या हाफ-टर्मला कुणाकडे गेला तरी नाही. मात्र उन्हाळाभर एकाच घरी २८ दिवसांवर राहणार असेल, किंवा दिवसाच्या शाळेत शिकून वर्षभर ‘गार्डियन’च्या घरी राहत असेल, तर कळवायला हवं. पैसे घेऊन गार्डियन पुरवणाऱ्या एजन्सी हा मुद्दा कधी कधी बारीक अक्षरात टाकतात. तुम्ही मोठ्या आवाजात विचारा.

मूल आमच्याकडे ठेवा, असं काउन्सिलनेच सांगितलं. आता म्हणतात ही तुमची खासगी सोय आहे.

थांबा, सही करू नका. मूल घरातून हलवण्यात आणि तुमच्याकडे आणण्यात काउन्सिलचा मोठा वाटा असेल, तर ते मूल काउन्सिलच्या देखभालीतलं ठरू शकतं. मग जबाबदारी आणि भत्ताही त्यांचा. साउथवर्क काउन्सिलच्या प्रकरणात २००७ मध्ये अपील न्यायालयाने असंच ठरवलं. कुणी फोन केला, काय शब्द वापरले, किती वाजता मूल आणून सोडलं, हे तारखेसह लिहून ठेवा आणि कौटुंबिक कायद्याच्या वकिलाकडे जा.

जेवणखाण, सण, भाषा, हे ठरवायचं कुणी?

आईवडिलांनी सांगायचं आणि ठेवून घेणाऱ्यांनी जमेल ते प्रामाणिकपणे कबूल करायचं. धर्म, भाषा आणि खाणंपिणं सांभाळलं जातंय का, हे सोशल वर्करही बघतात. शाकाहारी मुलगी अंडी-मासळीच्या घरात राहू शकते, पण ताट वेगळं की कढई वेगळी, हे पहिल्या दिवशी बोललेलं बरं. मुलाला स्वतःलाही विचारा. आजीला वाटतं त्याने रोज शुभंकरोति म्हणावी. त्याला रविवारी फुटबॉलला जायचं असतं. आणि फोनची वेळ ठरवली तरी फोन मुलाच्या हातात, दार बंद करून बोलता येईल असा द्या. स्पीकरवरची खुशाली म्हणजे खुशाली नव्हे. चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा मोफत नंबर मुलाला पाठ असू दे.

मूल १६ वर्षांचं झालं की?

त्या दिवशी प्रायव्हेट फॉस्टरिंग संपतं. अपंगत्व असेल तर १८ व्या वर्षी. मूल त्याच घरात राहू शकतं. त्याआधीच ही सोय कायमची होणार असं दिसलं, तर चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर किंवा स्पेशल गार्डियनशिप या न्यायालयाच्या हुकमांचा विचार करा. ते मिळाले की सांभाळणाऱ्यालाही पालकत्वाचा अधिकार येतो.

पाच महिने झाले, आम्ही कळवलंच नाही. आता काय करायचं?

आज फोन करा. माहीत नव्हतं म्हणून राहून गेलं, असं सरळ सांगा. त्यांना हे ऐकायची सवय आहे. काउन्सिलच्या वेबसाइटवर चिल्ड्रन्स सर्व्हिसेसचा नंबर असतो. फोन उचलणाऱ्याला “मला प्रायव्हेट फॉस्टरिंगची माहिती द्यायची आहे” एवढं म्हटलं की पुरतं. हाताशी ठेवा: मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मठिकाण, आईवडिलांचे पत्ते, भावंडं कुठे आहेत, मूल कोणत्या तारखेला आलं आणि किती दिवस राहणार, आणि ठेवून घेणाऱ्यांचा सध्याचा पत्ता व मागच्या पाच वर्षांतले पत्ते. पासपोर्टवरचं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं असेल, म्हणजे एकात वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यात नाही असं आपल्याकडे होतं तसं, तर दोन्ही सांगा.